रेवाडीत दिलेला शब्द : माजी सैनिकांना घातलेली साद खरी होती का?

१५ सप्टेंबर २०१३, रविवार. भाजपने नरेंद्र मोदींना पंतप्रधानपदाचे उमेदवार जाहीर करून दोनच दिवस झाले होते. उमेदवारी मिळाल्यानंतरची त्यांची पहिली मोठी सभा हरियाणात रेवाडीला झाली आणि ती माजी सैनिकांसाठी होती. व्यासपीठावर सव्वा वर्षापूर्वी निवृत्त झालेले लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंह बसले होते. जागा नेमकी निवडली होती. रेवाडी म्हणजे अहीरवाल, घरटी फौजी असलेला पट्टा. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी लडाखमध्ये रेझांग ला इथे मेजर शैतान सिंहांच्या हाताखाली लढलेली १३ कुमाऊंची तुकडी अहीर जवानांची होती. तिचं एक स्मारक रेवाडीतच आहे.

त्या भाषणात मोदींनी 'वन रँक वन पेन्शन'चा, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी नोकरी असेल तर सारखी पेन्शन या मागणीचा, विषय काढला. या मागणीचं नेमकं काय झालं यावर मनमोहन सिंग सरकारने श्वेतपत्रिका काढावी, असं ते म्हणाले. २००४ मध्ये वाजपेयींचं सरकार परत आलं असतं तर हा प्रश्न तेव्हाच सुटला असता, असंही त्यांनी सांगितलं.

माझे मामा सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी टीव्हीपुढे बसून ही सभा बघत होते. हवालदार म्हणून नव्वदच्या दशकात पेन्शनीवर आलेले. आमच्याकडे फौजेतून सुटून आलेल्या प्रत्येकाला गाव 'मेजर'च म्हणतं, तसे तेही मेजर. भाषण संपल्यावर त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि मला विचारलं, "हा माणूस खरं बोलतोय का रे?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा देऊ शकलो नाही. आज दहा वर्षांहून अधिक काळचे कागद समोर आहेत, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

मागणी काय होती

ज्यांच्या घरात फौजी नाही त्यांच्यासाठी आधी हे सांगायला हवं. सरकारी कारकून साठाव्या वर्षी निवृत्त होतो. जवान पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पस्तिशी-चाळिशीत घरी येतो, कारण फौजेला तरुण शरीरं लागतात. ज्या वयात मुलांची शिक्षणं आणि आईवडिलांची आजारपणं एकदम अंगावर येतात, त्याच वयात त्याचा पगार थांबतो. पेन्शन शेवटच्या पगारावर ठरते आणि त्याचा शेवटचा पगार त्याच्या आयुष्यातल्या मधल्याच टप्प्यावरचा असतो.

आता दोन हवालदार घ्या. दोघांचीही नोकरी चोवीस वर्षं. एक १९९५ ला सुटला, दुसरा २०१३ ला. मधल्या काळात वेतन आयोग येऊन गेले, पगार वाढले, त्यामुळे दुसऱ्याची पेन्शन मोठ्या आकड्यावर बसली. पहिल्याच्या पेन्शनीत सुधारणा झाल्या, पण दुसऱ्याला तो कधी गाठू शकला नाही. हुद्दा तोच, नोकरी तेवढीच, फरक फक्त घरी आल्याच्या तारखेचा. मामा १९९५ च्या बाजूचे होते. त्यांच्याच कंपनीत त्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण नंतर त्यांच्याइतकीच नोकरी करून हवालदार म्हणूनच सुटला. त्याचं पासबुक मामांच्यापेक्षा जड होतं. मामांना पैशापेक्षा ते जास्त लागत होतं.

या तक्रारीचं मूळ माजी सैनिकांच्या संघटना १९७३ मध्ये, तिसऱ्या वेतन आयोगापाशी सांगतात. त्याआधी जवानांना शेवटच्या पगाराच्या ७० टक्के पेन्शन होती आणि नंतर ती खाली आणली गेली, असं त्यांचं म्हणणं. सहाव्या वेतन आयोगानंतर जुन्या-नव्यातली दरी इतकी रुंदावली की २००९ मध्ये माजी सैनिकांनी आपली पदकं राष्ट्रपतींकडे परत पाठवायला सुरुवात केली. फौजी माणसाच्या घरात पदकाची जागा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे पाऊल केवढं मोठं होतं ते कळेल.

प्रकरण राज्यसभेच्या याचिका समितीकडे गेलं. समितीचे अध्यक्ष होते भगतसिंह कोश्यारी, पुढे आपले राज्यपाल झाले तेच. डिसेंबर २०११ च्या अहवालात समितीने मागणी रास्त ठरवली आणि तिची व्याख्या लिहून ठेवली. ती अशी : सारखा हुद्दा आणि सारखी नोकरी असलेल्यांना, ते कधीही निवृत्त झालेले असोत, सारखी पेन्शन मिळावी, आणि पुढे पेन्शनीच्या दरात जी वाढ होईल ती जुन्या पेन्शनरांना आपोआप लागू व्हावी.

'आपोआप' हा शब्द लक्षात ठेवा. पुढची सगळी भांडणं या एका शब्दावर झाली. समितीपुढे वार्षिक खर्चाचा अंदाज मांडला गेला होता तो सुमारे १,३०० कोटी रुपयांचा, म्हणजे जवान आणि जेसीओंसाठी (सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी) १,०६५ कोटी आणि अधिकाऱ्यांसाठी २३५ कोटी. हा आकडाही लक्षात असू द्या.

निवडणुकीआधी दोन्ही बाजू

रेवाडीच्या सभेनंतर पाच महिन्यांनी, १७ फेब्रुवारी २०१४ रोजी, पी. चिदंबरम यांनी अंतरिम अर्थसंकल्पात वन रँक वन पेन्शन तत्त्वतः मान्य केल्याचं जाहीर करून त्यासाठी ५०० कोटी रुपये ठेवले. दहा वर्षं सत्तेत असलेल्या सरकारने हे शेवटच्या अर्थसंकल्पात केलं, तेही कोश्यारी समितीपुढच्या अंदाजाच्या निम्म्याहूनही कमी रकमेवर. प्रशासकीय आणि कायदेशीर अडचणी सांगून हीच मागणी अनेक वर्षं नाकारणारी यंत्रणाही याच सरकारची होती. काँग्रेसची ही साद मला खरी वाटत नाही. ज्याला खरंच द्यायचं असतं तो आधी किती लागतील हे मोजतो. ५०० कोटी हा मोजून काढलेला आकडा नव्हता. पुढे सर्वोच्च न्यायालयात केंद्राने सांगितलं की त्या घोषणेमागे मंत्रिमंडळाची शिफारसच नव्हती.

तरी त्या घाईतून एक महत्त्वाचा कागद तयार झाला. २६ फेब्रुवारी २०१४ रोजी संरक्षणमंत्री ए. के. अँटनी यांच्या अध्यक्षतेखाली बैठक झाली आणि तिच्या इतिवृत्तात कोश्यारी समितीची व्याख्या जवळपास शब्दशः उतरली. त्यात 'आपोआप'सुद्धा होता.

भाजपचा जाहीरनामा एप्रिलमध्ये आला. त्यात वन रँक वन पेन्शन राबवण्याचं आश्वासन होतं. म्हणजे हे आश्वासन लिहिलं गेलं तेव्हा त्या शब्दांचा अर्थ सरकारदरबारी लिहून ठेवलेला होता आणि गावागावांतल्या माजी सैनिकांना तो पाठ होता. 'आमच्या मनात वेगळी व्याख्या होती' असं म्हणायचं असेल, तर ते म्हणण्याची वेळ एप्रिल २०१४ ही होती. मला या प्रकरणातली सर्वांत मोठी त्रुटी इथे दिसते. जाहीरनाम्यात व्याख्या नव्हती. ऐकणाऱ्याने कोश्यारींची व्याख्या धरली आणि बोलणाऱ्याने त्याला तसं धरू दिलं.

निकाल सर्वांना माहीत आहे. हरियाणात दहापैकी सात जागा भाजपला मिळाल्या. जनरल सिंह गाझियाबादमधून साडेपाच लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. रेवाडी ज्या गुडगाव मतदारसंघात येते तिथले राव इंद्रजित सिंह निवडणुकीआधीच काँग्रेस सोडून भाजपमध्ये आले होते. ते जिंकले आणि संरक्षण राज्यमंत्री झाले.

सोळा महिने

नव्या सरकारने सुरुवात चांगली केली. जुलै २०१४ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी आणखी १,००० कोटी ठेवले. डिसेंबरमध्ये राज्यसभेत प्रश्न आला तेव्हा राव इंद्रजित सिंहांनी लेखी उत्तरात जी व्याख्या दिली ती कोश्यारींचीच होती. नवं सरकारही तीच भाषा बोलतंय म्हटल्यावर मामांसारख्यांचा जीव भांड्यात पडला.

मग महिने जाऊ लागले. नोव्हेंबर २०१४ पासून संरक्षणमंत्री होते मनोहर पर्रीकर. गोव्याचा आयआयटी झालेला, साध्या चपलेतला, हिशेबाचा माणूस म्हणून मराठी आणि कोकणी घरांत त्यांच्याबद्दल आपुलकी होती. तेही 'होणार, होणार' म्हणत राहिले. ३१ मे २०१५ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी स्वतः विषय काढला. चाळीस वर्षं रेंगाळलेला हा प्रश्न आपल्याला वाटला होता त्यापेक्षा गुंतागुंतीचा निघाला, तो सोडवणारच, पण थोडा वेळ द्या, असा त्या बोलण्याचा आशय होता.

या कबुलीचं मोल मी कमी लेखत नाही. निवडून आलेला नेता 'मला वाटलं तेवढं सोपं नव्हतं' असं जाहीरपणे क्वचितच म्हणतो. पण हीच कबुली मागे वळून रेवाडीच्या भाषणावरही उजेड टाकते. श्वेतपत्रिका मागणाऱ्याने स्वतः हिशेब केलेला नव्हता. वाजपेयी आले असते तर २००४ मध्येच सुटलं असतं, हे विधान ज्या खात्रीने केलं गेलं त्या खात्रीला आधार नव्हता. द्यायची इच्छा खरी असू शकते. त्या दिवशीचा ठामपणा मात्र उसना होता.

जूनच्या मध्याला जंतरमंतरवर साखळी उपोषण सुरू झालं. पांढऱ्या केसांचे, छातीवर पदकं लावलेले लोक दिल्लीच्या उन्हात बसले. १४ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनाच्या सुरक्षेचं कारण सांगून, पोलीस त्यांना हटवायला आले. ओढाताणीत शर्ट फाटलेल्या वृद्ध फौजींची छायाचित्रं त्या संध्याकाळी देशभर दिसली. मामांनी त्या दिवशी जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवशी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी वन रँक वन पेन्शन तत्त्वतः मान्य असल्याचं पुन्हा सांगितलं. 'तत्त्वतः' हा शब्द फेब्रुवारी २०१४ मध्ये चिदंबरमही वापरून गेले होते.

पर्रीकरांनी प्रत्यक्ष घोषणा केली ती ५ सप्टेंबर २०१५ रोजी. चार दिवसांनी, ९ सप्टेंबरला, बिहार विधानसभेची निवडणूक जाहीर झाली. हे जुळणं नजरेआड करता येत नाही. पण पुढचंही सांगितलं पाहिजे : अधिसूचना ७ नोव्हेंबरला निघाली, म्हणजे बिहारमधलं मतदान संपल्यावर, मतमोजणीच्या आदल्या दिवशी. नुसत्या मतांसाठीच सगळं असतं, तर कागद त्यानंतर निघायची गरज नव्हती.

काय मिळालं, काय गळलं

घोषणेत काय होतं? लाभ १ जुलै २०१४ पासून. पाया म्हणून २०१३ या वर्षात निवृत्त झालेल्यांची पेन्शन. त्यातली किमान आणि कमाल यांची सरासरी काढायची आणि तोच दर त्या हुद्द्याच्या, तेवढ्या नोकरीच्या जुन्या सगळ्यांना लावायचा. सरासरीपेक्षा ज्यांना आधीच जास्त मिळत होती त्यांची कमी करायची नाही. थकबाकी चार सहामाही हप्त्यांत, विधवांना एकरकमी. फेरनिश्चिती दर पाच वर्षांनी. वर्षाचा खर्च आठ ते दहा हजार कोटी.

हा शेवटचा आकडा ५०० कोटींशेजारी ठेवून बघा. सोळा महिन्यांच्या उशिराने का होईना, मामांच्या पासबुकात खरोखर रक्कम वाढली. २०१६ साली पहिला हप्ता जमा झाला तेव्हा त्यांनी मला फोन करून सांगितलं होतं. रेवाडीला दिलेला शब्द हवेत विरला असं म्हणणारे लोक मला पटत नाहीत. मागच्या कोणत्याही सरकारने एवढे पैसे या कामाला लावले नव्हते.

पण 'आपोआप' गेला. त्याच्या जागी पाच वर्षं आली. दरवर्षी हजारो फौजी निवृत्त होतात, दरवर्षी वेतनवाढ लागते, म्हणून पुढच्या वर्षी सुटलेल्याची पेन्शन यंदा सुटलेल्यापेक्षा जास्त असू शकते. दरवर्षी बरोबरी केली तर दरी पडत नाही. पाच वर्षांनी केली तर चार वर्षं दरी राहते, पाचव्या वर्षी बुजते आणि सहाव्या वर्षी परत पडायला लागते. आंदोलक म्हणत होते की अशाने एका हुद्द्याला अनेक पेन्शनी राहणार. सरकारचं म्हणणं होतं की लाखो खात्यांची दरवर्षी फेरमांडणी व्यवहारात शक्य नाही. मला सरकारची अडचण समजते. डिसेंबर २०१४ मध्ये राज्यसभेत जुनी व्याख्या सांगताना तीच अडचण का सांगितली नाही, हे मात्र समजत नाही.

दुसरी गळती मुदतीआधी निवृत्ती घेणाऱ्यांची. ५ सप्टेंबरच्या घोषणेत स्वेच्छेने बाहेर पडलेल्यांना वगळलं होतं. यावर आरडाओरड झाली. फौजेत बढती अडली, गुडघा गेला, घरी कुणी नाही, अशा कारणांनी पेन्शनीला पुरेल एवढी नोकरी झाल्यावर लोक अर्ज करून सुटतात. त्याला पळपुटेपणा म्हणता येत नाही. दुसऱ्याच दिवशी फरीदाबादला मेट्रोच्या उद्घाटनात पंतप्रधान म्हणाले की त्यांनाही लाभ मिळेल. ७ नोव्हेंबरच्या अधिसूचनेत हे वगळणं फक्त यापुढे स्वतःहून सुटणाऱ्यांपुरतं ठेवलं गेलं. आणि २०२२ च्या सुधारणेत सरकारने रेघ मागे ओढली : १ जुलै २०१४ नंतर मुदतीआधी सुटलेले बाहेर. जाहीर सभेत एक, अधिसूचनेत थोडं कमी, पुढच्या आदेशात आणखी कमी.

तिसरा मुद्दा सरासरीचा. आंदोलकांना त्या हुद्द्याची कमाल पेन्शन हवी होती. यात मी सरकारच्या बाजूने आहे. 'सारखी' याचा अर्थ सगळ्यांत वरची असा होतोच असं नाही.

नोव्हेंबर २०१५ मध्ये आंदोलकांनी पदकं परत करायला, काहींनी जाळायला सुरुवात केली. पर्रीकरांनी हे वागणं सैनिकाला शोभणारं नाही अशा अर्थाची टीका केली. मामा पर्रीकरांना मानायचे. पण त्या दिवशी ते म्हणाले, "सैनिकाला काय शोभतं ते सैनिकाला ठरवू दे." तक्रारी ऐकायला न्यायमूर्ती एल. नरसिंह रेड्डी यांची एकसदस्यीय समिती नेमली गेली आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये तिचा अहवाल सरकारला मिळाला.

त्यानंतर लगेच, नोव्हेंबर २०१६ च्या सुरुवातीला, पेन्शनीच्या प्रश्नासाठी दिल्लीत आलेल्या हरियाणातल्या एका माजी सुभेदाराने आत्महत्या केली. राहुल गांधी आणि अरविंद केजरीवाल कुटुंबाला भेटायला निघाले, पोलिसांनी त्यांना ताब्यात घेतलं, दोन दिवस वाहिन्यांवर दुसरं काही नव्हतं. त्या घरातल्या दुःखाबद्दल मला इथे काही लिहायचं नाही. इतकंच नोंदवतो की तिथे धावलेल्या पक्षांपैकी ज्याच्या हातात आधी दहा वर्षं सत्ता होती, त्याने त्या काळात हे काम केलेलं नव्हतं.

न्यायालयात

माजी सैनिकांची संघटना २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. निकाल १६ मार्च २०२२ रोजी लागला. खंडपीठात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड, सूर्य कांत आणि विक्रम नाथ होते. पाच वर्षांनी फेरनिश्चिती, सरासरीचा पाया, या धोरणात घटनात्मक दोष नाही, असं न्यायालयाने सांगितलं. कोश्यारी समितीचा अहवाल हा मागणीचा इतिहास आहे, त्याला सरकारचं धोरण मानता येणार नाही, हेही सांगितलं.

कायद्याने ते बरोबर असेल. पण या अभ्यासासाठी यातून एक गोष्ट स्पष्ट होते. न्यायालय सभेतला शब्द तपासत नाही, सरकारचा आदेश तपासतं. उमेदवार व्यासपीठावरून जे म्हणतो आणि समोरचा माणूस जे ऐकतो, त्या दोहोंमधलं अंतर कोणत्याही कोर्टाच्या कक्षेत येत नाही.

त्याच निकालात न्यायालयाने सरकारला त्याच्याच नियमाची आठवण करून दिली. दर पाच वर्षांनी म्हणता, तर १ जुलै २०१९ ची फेरनिश्चिती कुठे आहे? ती करा आणि तीन महिन्यांत थकबाकी द्या. माझ्या मते प्रामाणिकपणाची खरी परीक्षा इथे होती. व्याख्येवर वाद होता हे मान्य. पण पाच वर्षांचा नियम तर सरकारने स्वतः लिहिलेला होता आणि तोही कोर्टाने सांगेपर्यंत पाळला गेला नाही.

सरकारने मुदतवाढ मागितली. मंत्रिमंडळाची मान्यता २३ डिसेंबर २०२२ ला आली. २५.१३ लाख लाभार्थी, जुलै २०१९ ते जून २०२२ ची थकबाकी २३,६३८ कोटी, वर्षाला ८,४५० कोटींचा वाढीव भार. आधीच्या आठ वर्षांत सुमारे ५७ हजार कोटी खर्च झाल्याचंही सरकारने तेव्हा सांगितलं. मग जानेवारी २०२३ मध्ये संरक्षण मंत्रालयाने परिपत्रक काढलं की थकबाकी चार हप्त्यांत देऊ. न्यायालयाने मुदत घालून दिलेली असताना मंत्रालय स्वतःच हप्ते ठरवतं म्हणून न्यायालय संतापलं. २० मार्चला सरकारने बंद लिफाफ्यात म्हणणं मांडायचा प्रयत्न केला, तो तोवर सरन्यायाधीश झालेल्या चंद्रचूड यांनी स्वीकारला नाही. आदेश झाला : कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना आणि शौर्यपदकधारकांना ३० एप्रिल २०२३ पर्यंत एकरकमी, सत्तरीच्या वरच्यांना ३० जूनपर्यंत, बाकीच्यांना तीन हप्त्यांत २८ फेब्रुवारी २०२४ पर्यंत.

मामांना काय उत्तर द्यायचं

'मनापासून होतं की मतांसाठी?' हा प्रश्न आपण नेहमी असाच विचारतो आणि मग ज्याला जो पक्ष आवडतो त्याप्रमाणे उत्तर येतं. या प्रकरणात दोन्ही एकत्र होतं आणि त्यात मला वावगं वाटत नाही. ज्या मागणीमागे लाखो घरं आहेत, तिच्याकडे उमेदवाराने मतांसाठी पाहणं स्वाभाविक आहे. चाळीस वर्षं पाहिलं गेलं नाही, कारण तोवर फौजी मत म्हणून कुणी ते वेगळं मोजलंच नव्हतं.

माझं मत असं झालं आहे : द्यायची इच्छा खरी होती, आश्वासनाची भाषा खरी नव्हती. जे द्यायचं ठरलं त्याचा मोठा भाग दिला गेला आणि त्यासाठी कुठल्याही आधीच्या सरकारपेक्षा जास्त पैसा काढला गेला. पण शब्द देताना त्याची किंमत काढली नव्हती, त्याची व्याख्या स्वतः लिहिली नव्हती आणि दुसऱ्याने लिहिलेली व्याख्या निवडणूक होईपर्यंत आणि नंतरही काही महिने तशीच चालू दिली. किंमत कळल्यावर व्याख्या कमी केली आणि नाव मात्र तेच ठेवलं. 'पाच वर्षांनी बरोबरी' असं नाव दिलं असतं तर जंतरमंतरवरचे निम्मे लोक कदाचित घरी गेले असते. आपल्याला फसवलं ही भावना कमी मिळाल्यामुळे आली नाही. कमी देऊन पूर्ण दिल्याचं सांगितलं गेलं, त्यामुळे ती आली.

आणि एक गोष्ट उमेदवाराच्या पलीकडची आहे. २०१५ ची घोषणा, २०२२ ची फेरनिश्चिती, २०२३ ची थकबाकी, यातलं प्रत्येक पाऊल म्हाताऱ्या माणसांच्या चिकाटीनंतर पडलं. मतदान केल्यावर ते घरी बसले असते तर काय झालं असतं, हे सांगता येणार नाही. पण कागदांवरच्या तारखा बघितल्या की अंदाज येतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तीनच महिन्यांनी, १४ जून २०२२ रोजी, अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची नोकरी, चौघांतला एक पुढे कायम, बाकीच्या तिघांना सेवानिधी देऊन घरी पाठवायचं आणि पेन्शन नाही. सैन्य तरुण राहावं हे कारण सरकारने दिलं. पेन्शनीचा बोजा हे कारण टीकाकारांनी. दोन्ही बाजूंत तथ्य असावं. पण ज्या पट्ट्यात २०१३ ला पेन्शनीचा शब्द दिला गेला, तिथल्या आणि आमच्या साताऱ्याकडच्याही पोरांना यापुढे भरती होताना तो शब्द लागू नाही. २०२४ च्या लोकसभेला काँग्रेसने अग्निपथ रद्द करण्याचं आश्वासन दिलं. ते आश्वासन ऐकताना मला ५०० कोटी आठवले.

आमच्याकडे आता निवडणूक आली की माजी सैनिकांचा मेळावा ठरलेला असतो. फेटे, शाल-श्रीफळ, वीरपत्नींचा सत्कार. मी जातो. मला तिथे उमेदवाराच्या डोळ्यांतलं पाणी बघायचं नसतं. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, दवाखान्यात औषधं का नाहीत, फौजी पेन्शनीच्या 'स्पर्श' पोर्टलवर हयातीचा दाखला न चढल्यामुळे पेन्शन थांबलेल्या म्हातारीने कुठे जायचं, हे विचारायचं असतं. 'बघतो' असं उत्तर आलं की मी पुढचं विचारतो : कधीपर्यंत आणि कोणत्या कार्यालयातून? जो सांगतो की हे खासदाराचं काम आहे, आमदाराचं नाही, माझ्या हातात एवढंच आहे, त्याच्यावर माझा विश्वास बसतो. असा एकदाच भेटला. तो पडला.

मामा २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत गेले. २०१९ ची फेरनिश्चिती त्यांनी बघितली नाही. एप्रिल २०२३ च्या शेवटी थकबाकी मामीच्या खात्यात एकरकमी आली. मी तिला मोटारसायकलवरून बँकेत घेऊन गेलो, शिपायाने पासबुक छापून दिलं. तिने ओळीवर बोट ठेवून रक्कम दोनदा वाचून घेतली, पासबुक पिशवीत घातलं आणि पायऱ्या उतरताना विचारलं, "म्हणजे आता पुढचं जुलै चोवीसचं ना? ते तरी वेळेवर येईल का बाबा, का परत कोर्टात जायचं?"